लत्तलूरचे राजे

लातूर म्हटले की डोळ्यांपुढे काय येते? डाळींचा बाजार, पोत्यांच्या थप्प्या, आडतीवरची गर्दी. पण अकराशे वर्षांपूर्वी एका मोठ्या राजघराण्याच्या बिरुदात या गावाचे नाव होते. बिरुद असे : लत्तलूरपुरवराधीश्वर. शब्द लांब आहे, पण भिऊ नका. आपण तो तोडून वाचू. लत्तलूर – पुरवर – अधीश्वर. म्हणजे लत्तलूर या उत्तम नगराचा धनी. हे लत्तलूर म्हणजेच आपले लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

हे घराणे राष्ट्रकूटांचे. आधी ते बदामीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. मांडलिक म्हणजे मोठ्या राजाच्या हाताखालचा धाकटा राजा. सन ७५३ च्या सुमारास दंतिदुर्गाने चालुक्यांची सत्ता मोडली. त्याच्या मागून गादीवर आलेला कृष्ण, त्याच्या काळात वेरूळचे कैलास लेणे झाले. आधी कळस, मग पाया, असा सगळा डोंगर वरून खाली कोरत आणला.

त्या काळी राजा म्हटला की लढाई आलीच. ध्रुव आणि गोविंद हे राजे दक्षिणेतून थेट गंगेकाठी जाऊन लढले. पुढे ९४९ साली तिसऱ्या कृष्णाने तमिळ देशात तक्कोलम येथे चोळांचा पराभव केला. चोळांचा युवराज राजादित्य हत्तीवर बसूनच मारला गेला.

मग तुम्ही विचाराल, एवढी तलवार चालवली, तर लोकांचा धर्मही तलवारीनंच बदलला का हो? प्रश्न योग्य आहे, कारण त्याच सुमारास जगात तसे घडत होते. युरोपात शार्लमेन नावाचा राजा होता. सॅक्सन लोकांशी तो ७७२ पासून तीस वर्षे लढला. ख्रिस्ती धर्माची दीक्षा नाकारील त्याला मरणाची शिक्षा, असा त्याचा कायदा होता.

राष्ट्रकूटांच्या राज्यात रीत वेगळी दिसते. अमोघवर्ष राजाचेच पाहा. त्याने ८१४ ते ८७८ राज्य केले. राजधानी मान्यखेट, म्हणजे आज कर्नाटकातले मळखेड. जैन आचार्य जिनसेनांना तो फार मानी. पण प्रजेवरचे संकट टळावे म्हणून त्याने आपले बोट कापून महालक्ष्मीला वाहिले, असे संजाणच्या ताम्रपटात लिहिले आहे. तिकडे कान्हेरीच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंना दाने मिळाल्याचे लेख त्याच्याच राज्यातले आहेत.

आणखी एक ताम्रपट सांगतो, तो आम्हांला सगळ्यांत आवडतो. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला सरकारी कागदच. हा ९२६ सालचा, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. त्या वेळी संजाण भागाचा कारभार राजाने एका अरब माणसाकडे दिला होता. ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे आहे. मूळचे महंमद असावे. या अरब कारभाऱ्याने लोकांसाठी फुकट नावा चालवल्या, अन्नछत्र घातले. जेवणात भात, कालवण आणि तूप! आणि देवीच्या मठाला जमीन देण्याचे कामही त्याच्याच कारकिर्दीत झाले.

म्हणून ते रामराज्य होते, असे आम्ही म्हणणार नाही. दान राजाचे, पण घाम कुणब्याचा. राजा गाव दान देई, म्हणजे त्या गावचा सारा मंदिराला किंवा मठाला जाई. धर्म बदलला तो बराचसा या वाटेने. ज्याला गावे मिळाली, त्याचे मठ, पाठशाळा, उत्सव वाढले. ज्याचे दान आटले, त्याची लेणी ओस पडली. दख्खनमधले बौद्ध विहार असेच हळूहळू रिकामे होत गेले.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे तर नांदेड जिल्ह्यात कंधारला जावे. मन्याड नदीच्या काठचे हे गाव राष्ट्रकूटांच्या वेळी भरभराटीला होते. तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख तिथे मिळाला आहे. तिथल्या तळ्याला आजही जगत्तुंग म्हणतात. आणि तिथे क्षेत्रपालाच्या एका अवाढव्य मूर्तीचे तुकडे आहेत. नुसते पाऊल पाहिले तरी माणूस थबकतो. मूर्ती अखंड असताना केवढी उंच असेल, त्याचा अंदाज तुम्हीच करा.

ज्यांनी गंगेपर्यंत घोडे नेले, त्यांच्या राजधानीवर ९७२ साली माळव्याचा परमार राजा सीयक चालून आला. मान्यखेट लुटले गेले. पुढच्याच वर्षी तैलप चालुक्याने गादी घेतली. शेवटचा राष्ट्रकूट वारस इंद्र श्रवणबेळगोळला गेला. तिथे जैन व्रताप्रमाणे अन्नपाणी सोडून ९८२ साली त्याने देह ठेवला. आपल्या भागावर मग कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल आला. त्यांच्या वेळची कोरीव मंदिरे देगलूर तालुक्यात होट्टलला पाहायला मिळतात.