मागचा बार एकटा बदलू नका

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये काही सुधारणा करायची म्हटली, की नजर आधी स्वे बारवर जाते. आपल्याकडच्या गॅरेजात ज्याला स्टॅबिलायझर बार म्हणतात, तोच हा: डाव्या-उजव्या चाकांना जोडून वळणात गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा. इंजिनाला हात लावावा लागत नाही, थोडे बोल्ट आणि दोन लिंक रॉड सोडवले की जुना बार निघतो, आणि फरक पहिल्याच वळणावर जाणवतो. काम सोपे आहे म्हणूनच ते फारसा विचार न करता केले जाते. त्याचे परिणाम मी माझ्या गाडीत दोन वेळा पाहिले. जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक असावेत, म्हणून हे लिहितो आहे.

माझी गाडी 1992 ची माझ्दा मियाटा. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली. दोन माणसांची जागा, उघडता येणारे छत, मागच्या चाकांना ताकद, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आणि वजन जेमतेम एक टन. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात पत्रा फारसा गंजत नाही, त्यामुळे तिथे या गाड्या आजही चांगल्या अवस्थेत मिळतात. मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने मागचा बार बदलून जाड बसवलेला होता. पुढचा मात्र कंपनीचाच होता. कोरड्या रस्त्यावर गाडी अशी चपळ वळायची, की मन खूश व्हायचे.

बे एरियात उन्हाळाभर पाऊस नसतो. रस्त्यावर तेल, रबर आणि धूळ साचत जाते, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी पहिली सर आली की त्या सगळ्याचा निसरडा थर होतो. अशाच एका संध्याकाळी तिथल्या सॅराटोगा गॅप या डोंगरखिंडीतून हायवे 9 ने खाली उतरत होतो. वेग बेताचा होता. उजव्या वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल केला आणि मागची बाजू सुटली. ती डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या लेनमध्ये गेली आणि गाडी जवळजवळ उलट्या दिशेला तोंड करून थांबली. त्या क्षणी समोरून कोणी आले नाही, म्हणून निभावले.

गाडी वर उचलून पाहिली तेव्हा कारण समोर दिसले. मूळचा मागचा बार 12 मिलिमीटरचा असतो, त्याच्या जागी 16 चा होता. पुढचा 19 चा, मूळचाच. 12 आणि 16 हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण भरीव बारचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. जाडी एक तृतीयांशाने वाढली की ताठरपणा तिपटीहून जास्त होतो. म्हणजे मागचा बार तिपटीहून जास्त ताठर आणि पुढचा होता तसाच.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. एकूण किती भार सरकणार, हे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधले अंतर आणि वळणाचा वेग यांवर ठरते. बार कितीही जाड घातला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. बार एवढेच ठरवतो, की त्यातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे ज्या बाजूचा बार ताठर, त्या बाजूची एकूण पकड कमी होते. मागचा बार जाड केला की मागची चाके आधी सुटतात, पुढचा केला की पुढची. पुढची सुटली तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ लागते, पाय सैल केला की बहुधा सावरते. मागची सुटली तर सावरायला अनुभव लागतो, जागा लागते आणि वेळही लागतो. घाटरस्त्यावर यातले शेवटचे दोन तर नसतातच.

आणखी एक. साधे डिफरन्शियल असलेल्या गाडीत मागचा बार फार ताठर असेल, तर वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक हलके होते आणि नुसतेच फिरते. म्हणजे ज्या वेगासाठी खटाटोप केला, तोच हातचा जातो.

त्या पाहणीत बाकीचेही बरेच निघाले. मागच्या टायरची नक्षी चांगली खोल दिसत होती, पण रबर कडक झाले होते. टायरच्या कडेला डॉट अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे त्याचा जन्म सांगतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 3211 म्हणजे 2011 सालचा बत्तिसावा आठवडा. जुनी गाडी वर्षाला थोडीच चालते, त्यामुळे तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. सस्पेन्शनचे रबरी बुश भेगाळले होते आणि एका लिंक रॉडच्या सांध्यात खेळ होता. बार हासुद्धा एक स्प्रिंगच आहे. तो ताठर केला की त्याला आवरण्याचे जास्तीचे काम शॉक ॲब्सॉर्बरवर पडते. माझे शॉक आधीच थकलेले होते.

टायर, बुश आणि शॉक नवे केले, मागचा बार पुन्हा 12 चा बसवला आणि पुढे जाड, पोकळ नळीचा बार एका गॅरेजमधून बसवून घेतला. या गाडीला ही जोडणी मानवते: पुढून झुकणे कमी, मागची चाके जमिनीला धरून. गाडी छान चालू लागली. मग काही महिन्यांनी ड्राइव्हवेच्या कडेवर चढताना पुढून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. आधी लिंक रॉडवर संशय घेतला, ते ठीक होते. शेवटी टॉर्च घेऊन खाली सरकलो. पुढच्या बारची क्लॅम्प चॅसीच्या ज्या पत्र्याच्या पेटीवर बसते, तिच्या बोल्टभोवती रंगात केसासारखी रेघ दिसत होती. नखाने खरवडली तर ती रंगातली नव्हती, पत्र्यातली होती. बार डाव्या-उजव्या चाकांचा सगळा पीळ त्या पातळ पत्र्यावर टाकत होता आणि पत्रा फाटू लागला होता.

पहिल्या पिढीच्या मियाटाची ही जागा नाजूक आहे, आणि जाड पुढच्या बारसोबत तिथे मजबुती देणे आवश्यक असते, हे या गाड्यांवर काम करणाऱ्यांना माहीत असते. त्या गॅरेजने ते केले नाही आणि सांगितलेही नाही. पत्रा वेल्ड करून, आतून पट्टी देऊन आणि दोन्ही माउंट आडव्या ब्रेसने बांधून ते काम पुन्हा करावे लागले. आता दर ऑइल बदलाला मी ती जागा पाहतो.

तुम्ही हा बदल करणार असाल, तर क्रम असा ठेवा. आधी टायरचे वय आणि हवा पाहा. पहिल्या मियाटासाठी कंपनीने चारही चाकांना 26 पीएसआय सांगितले आहे. अंदाजाने 35 भरून बारला दोष देऊ नका. मग बुश, लिंक रॉड, शॉक आणि अलाइनमेंट. पुष्कळदा एवढ्यावरच गाडी इतकी सुधारते, की बारची गरज उरत नाही.

तरीही बार घ्यायचा असेल, तर पुढचा आधी घ्या, आणि तुमच्या मॉडेलला कुठे मजबुती लागते ते खरेदीआधी विचारून घ्या. बसवताना लिंक रॉड सुटे असताना बार हाताने वरखाली फिरवून पाहा. तो अडकत असेल, तर बुश चुकीचे आहेत किंवा क्लॅम्प वाकडी आहे. पॉलियुरेथेनचे बुश असतील, तर त्यांच्यासोबत येणारे सिलिकॉन ग्रीसच लावा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बार ब्रेकच्या होजला किंवा चाकाला लागत नाही ना, हे डोळ्यांनी पाहा. लिंक रॉड शेवटचे आवळताना गाडी चारही चाकांवर सपाट जमिनीवर हवी. लांबी कमीजास्त करता येणारे लिंक असतील, तर चालकाच्या जागी तुमच्याइतके वजन ठेवून दोन्ही बाजू अशा जुळवा, की उभ्या गाडीत बारमध्ये पीळ राहणार नाही. नाहीतर डावे वळण एक वागेल आणि उजवे दुसरेच.

एका वेळी एकच बदल करा. नव्या बारची पहिली परीक्षा रिकाम्या, मोकळ्या जागेत घ्या, आणि ओल्या जमिनीवर एकदा तरी घ्या. घाट हे चाचणीचे मैदान नव्हे. भारतातल्या वाचकांना आणखी एक सांगतो: बार दोन चाकांना एकमेकांशी बांधतो, म्हणून एका चाकाला बसलेला खड्ड्याचा धक्का दुसऱ्यालाही जातो. बार जितका जाड, तितकी खराब रस्त्यावर गाडी डावी-उजवी हिंदकळते. तिथे मूळचा बार आणि चांगले शॉक हीच जोडी बरी.

जुनी गाडी विकत घेत असाल, तर व्यवहाराआधी ती वर उचलून दोन्ही बार पाहा. मागचा जाड आणि पुढचा मूळचा दिसला, तर ती गाडी पावसात कशी वागेल हे तुम्हाला आता माहीत आहे. आधी तो मागचा बार उतरवा, मगच तिला घाटात न्या.