मुलांच्या मोटरसायकल शर्यती : सही करण्यापूर्वी

गेल्या हिवाळ्यातील एका शनिवारी संध्याकाळी एक गृहस्थ आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. गावाबाहेरच्या माळावर मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यती होत्या. मुलगा वळणावर पडला होता. अंगात जाकीट, गुडघ्याला पॅड, डोक्याला हेल्मेट, सगळे काही होते. ‘‘डॉक्टर, विशेष काही नाही. पोटाला जरा हँडल लागलंय. एखादी गोळी द्या, उद्या याची फायनल आहे,’’ वडील म्हणाले.

पोटावर रुपयाएवढा गोल वळ होता, एवढेच. पण मुलगा फिकट पडला होता, नाडी जलद चालत होती आणि डावा खांदा दुखतो असे तो सांगत होता. खांद्याला तर मार लागलेला नव्हता! पोटाला मार लागल्यावर डावा खांदा दुखू लागला, तर प्लीहेतून रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी लागते. मी त्याला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सोनोग्राफीत प्लीहा फाटलेली आढळली. सुदैवाने शस्त्रक्रियेची वेळ आली नाही.

हे सांगण्याचे कारण वेगळे आहे. त्या मुलाला शर्यतीसाठी तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र मीच दिले होते. छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि सही केली. पूर्वी कधी पडला होता का, डोक्याला मार बसला होता का, हे विचारलेसुद्धा नाही. ही चूक माझीच.

मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि मानेचे स्नायू कच्चे असतात. त्यावर हेल्मेटचे ओझे येते. लांब हाडांच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. तो दुखावला तर हात किंवा पाय आखूड अथवा वाकडा वाढू शकतो. मुलांच्या बरगड्या लवचिक असल्याने त्या न मोडताही आतील फुप्फुसाला इजा होते. यकृत, प्लीहा, स्वादुपिंड यांना बरगड्यांचे व स्नायूंचे संरक्षण मोठ्यांइतके नसते. म्हणूनच हँडलचा मार बाहेरून किरकोळ आणि आतून गंभीर असू शकतो.

‘चांगले साहित्य घेतले, आता काळजी नाही’ असे अनेक पालकांना वाटते. साहित्य हवेच. पण ते पडण्यापासून जितके वाचवते, तितके मागून येणाऱ्या गाडीपासून वाचवू शकत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये स्पेनमधील अरागॉन येथे १४ वर्षांचा आणि सप्टेंबरमध्ये हेरेझ येथे १५ वर्षांचा स्पर्धक दगावला. दोघेही पडल्यानंतर मागच्या गाड्यांची धडक बसली होती. तेथे ट्रॅक, साहित्य, डॉक्टर यांची कमतरता नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने वयोमर्यादा वाढवल्या. जागतिक ग्रँड प्रिसाठी २०२३ पासून किमान वय सर्वसाधारणपणे १८ ठरवले. त्याच वर्षी ५ ऑगस्टला चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरचा १३ वर्षांचा मुलगा पडून डोक्याच्या दुखापतीने गेला.

मग मुलांनी खेळूच नये का? मी तसे म्हणत नाही. पण धोक्याचा अंदाज घेणारा मेंदूचा भाग विशीनंतरही घडत असतो. बारा वर्षांचा मुलगा ‘मला जमतंय’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. त्याला धोका दिसतच नाही. तो पाहण्याचे काम पालक, प्रशिक्षक, आयोजक आणि आम्हा डॉक्टरांचे आहे. पालकांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) हेल्मेट डोक्याच्या मापाचेच घ्यावे. शाळेच्या गणवेशासारखे ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठे घेऊ नये. जोराचा आघात झालेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

२) गाडी मुलाच्या उंचीला व ताकदीला झेपणारी हवी. बसल्यावर पाय नीट टेकले पाहिजेत.

३) ट्रॅकवर रुग्णवाहिका आणि डॉक्टर हजर आहेत का, जवळचे मोठे रुग्णालय किती दूर आहे, हे नाव नोंदवण्यापूर्वी विचारावे.

४) डोक्याला मार बसल्यावर डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपण किंवा विसरभोळेपणा दिसला, तर शुद्ध हरपली नसली तरी त्या दिवशी गाडीवर बसवू नये. पुन्हा केव्हा बसायचे ते डॉक्टरांनी ठरवावे. उलट्या वाढल्या, झापड येऊ लागली तर लगेच रुग्णालय गाठावे.

५) पोटाला हँडल लागल्यास वळ लहान असला तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे.

६) सरावासाठी मुलाला रस्त्यावर गाडी देऊ नये. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

तो मुलगा आता बरा आहे. तीन महिन्यांनी वडील पुन्हा प्रमाणपत्रासाठी आले. या वेळी मी अर्धा तास प्रश्न विचारले. मागच्या वर्षी एकदा पडल्यावर मुलगा दोन दिवस डोके दुखते म्हणत होता, हे तेव्हा कळले. सही मी केली नाही. वडील नाराज झाले. मुलगा मात्र दारातून वळून म्हणाला, ‘‘डॉक्टरकाका, मग सायकल चालवली तर चालेल?’’

चालेल, बाळा. पण हेल्मेट घालून.