भात आणि झाड : एका घराचे दोन आधार



पेण व रोहा ह्या तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे १२० इंच पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांतच पडतो. इतके पाणी ज्याच्या दारी, त्यास चिंता कसली, असे परक्यास वाटेल. परंतु ज्याची अर्धा एकर खाचरे आणि एकर-दीड एकर वरकस जमीन आहे, तो जाणतो की पावसाचे माप पुरे होऊनही घरातील कणगी रिकामी राहू शकते. लावणीच्या वेळी उघडीप पडली तर रोप पिवळे पडते. आश्विनात झड लागली तर पिकलेले भात आडवे होऊन शेतातच रुजते.

हा लहरीपणा वाढत आहे, हा केवळ वृद्धांचा ग्रह नव्हे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने जो वायू हवेत साठतो, तो पृथ्वीची उष्णता धरून ठेवतो. तापलेल्या हवेत बाष्प अधिक मावते, आणि ते सुटते तेव्हा एकदम सुटते. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ ह्या काळात विस्तृत अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले, असे शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले आहे.

ह्यावर "झाडे लावा" हा उपदेश आपण पुष्कळदा ऐकतो. तो खरा आहे, पण अपुरा आहे. कोणते झाड, कोठे, आणि कोणाच्या हक्काच्या जमिनीवर, हे तीन प्रश्न सोडविल्यावाचून लावलेले रोप दुसरा उन्हाळा पाहत नाही. ह्यास्तव त्यांचा आपण क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न, कोणते झाड? शेती आणि झाड ह्यांची सांगड आपणांस नवी नाही. आपले वाडवडील ऐनाचे टहाळ तोडून, शेण, पाला, गवत व माती ह्यांचे थर रचून राब भाजीत, आणि त्यावर भाताचे रोप उगवीत. तेथे झाड हे भाताचे चाकर होते. राबाने तणाचे बी मरते हे खरे. परंतु पाल्यातील नत्र धुरावाटे उडून जाते आणि डोंगर बोडका होतो. आता झाडाकडून ह्याहून मोठे काम घेतले पाहिजे. ज्या वर्षी भात बुडेल, त्या वर्षी घर चालेल असे झाड हवे. काजू व आंबा विकून पैसा येतो. फणस, शेवगा व जांभूळ पोटास मिळते. बांबू, साग व ऐन घरास आणि अडीनडीस उपयोगी पडतात. ह्यांचे महिने निरनिराळे आहेत. आश्विनातील पाऊस भात घेतो, तो काजू घेत नाही. पौष-माघातील ढग आंब्याचा मोहोर घेतात, ते कणगीतील भात घेत नाहीत.

तथापि केवळ झाडांवर भिस्त ठेवणेही धोक्याचे आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आपल्या जिल्ह्यात शिरले, तेव्हा नारळी-पोफळीच्या व आंब्याच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. भात पुढल्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळ पुन्हा फळास येण्यास कित्येक वर्षे लागतात. एका दिवसाच्या हवेने सर्व नेऊ नये, अशी वाटणी करणे हेच ह्या शेतीचे सार आहे.

दुसरा प्रश्न, कोठे? कोणी म्हणेल, "झाडाच्या सावलीत भात पोसत नाही." हे अगदी बरोबर आहे. म्हणून खाचरे मोकळीच ठेवावी. बांधावर गिरिपुष्प, ज्यास आपण उंदीरमारी म्हणतो, त्याच्या फांद्या पावसाळ्यात रोवाव्या. पुढे वरचेवर छाटून पाला चिखलणीत गाडावा. म्हणजे सावलीही पडत नाही आणि राबासाठी रानही तुटत नाही. त्याच्या वाळल्या पाल्यात शंभरास सुमारे तीन भाग नत्र असते.

वरकस उतारावर आडवे चर खणून त्यांच्या कडेने कलमे लावावी. आंब्यास दहा मीटर अंतर धरले तर एकरी ४० झाडे बसतात. काजूस सात मीटर धरले तर सुमारे ८०. फळ येईपर्यंत मधल्या जागेत नाचणी, वरी, हळद व सुरण घ्यावे, म्हणजे तोवर जमीन रिकामी राहत नाही. पहिले दोन उन्हाळे मुळाशी भोक पाडलेले मडके पुरून पाणी घालावे, आणि वणवा अडविण्यासाठी भोवतालचे गवत आधीच काढावे.

पेणच्या खारेपाटात मात्र आंबा-काजूचा हट्ट धरू नये. तेथे बंधाऱ्याबाहेरील तिवरे हेच शेताचे रक्षक. ती लाटेचा जोर मोडतात. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने ती तोडण्यास मनाई आहे.

तिसरा प्रश्न, कोणाच्या जमिनीवर? हा सर्वांत कठीण. पुढल्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही ह्याची ज्यास खात्री नाही, तो नाचणी पेरील, आंबा लावणार नाही. आणि ह्यात त्याचा आळस नाही, शहाणपण आहे. डोंगरपट्टीतील कातकरी व ठाकर बांधवांची हीच अडचण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वन जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. तो वारसांस जातो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदला जातो. ज्यांचे दावे राहिले आहेत त्यांनी ग्रामसभेत चौकशी करावी. झाडाचा खरा पाया खड्ड्यात नसून ह्या कागदात आहे.

राज्य सरकारने १९९० साली रोजगार हमीशी फळबाग लागवडीची सांगड घातली, तेव्हापासून कोकणातील पुष्कळ वरकस जमीन आंबा-काजूखाली आली. सांप्रत काय साहाय्य मिळते, हे तालुका कृषी कार्यालयात अथवा रोह्याजवळ किल्ला येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

ज्यांस वाचता येते त्यांनी हा धडा इतरांस वाचून दाखवावा, आणि पुढील प्रश्नांवर मिळून बोलावे :

१. गेल्या दहा वर्षांत आपल्या गावचे भात कोणत्या महिन्यात व कशाने गेले?
२. त्या वर्षी घरात दुसरे काय उत्पन्न होते?
३. आपली वरकस कोणाच्या नावे आहे? घरातील स्त्रीचे नाव कागदावर आहे काय?
४. येत्या मृगापूर्वी आपण किती खड्डे खणू, आणि दोन उन्हाळे त्यांस पाणी कोण घालील?