तणांच्या मुळांवर पोसला जाणारा गाठी सूत्रकृमी : भंडारा जिल्ह्यासाठी हंगामपूर्व सल्ला

मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी पिकावर जगतो तसाच तणावरही जगतो. शेतात वांगी किंवा मिरची नसली, पण धुऱ्यावर कामोनी आणि बाडीत माठ उभा असला, तर त्याची वीण खंडत नाही. भंडारा जिल्ह्यात खरिपात धान आणि त्यानंतर वैनगंगेच्या काठाने व तलावांच्या लाभक्षेत्रात वांगी, मिरची, टोमॅटो, भेंडी, कारली अशी भाजीपाल्याची पिके घेतली जातात. पवनी, लाखांदूर, मोहाडी, तुमसर या तालुक्यांत एकाच बाडीत वर्षानुवर्षे भाजीपाला होतो. पीक निघाले की शेत रिकामे झाले असे मानले जाते. प्रत्यक्षात मधले दोन-तीन महिने तिथे तणांचे पीक उभे असते आणि पुढच्या हंगामातल्या सूत्रकृमीची पैदास त्याच काळात होते.

हा जीव डोळ्यांना दिसत नाही. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असते. ते मुळाच्या कोवळ्या टोकातून आत शिरते, एका जागी स्थिरावते आणि भोवतालच्या पेशींना फुगवून त्यांच्यावर जगते. त्या फुगीलाच गाठ म्हणतात. आत बसलेले पिल्लू मादी झाले की हालचाल संपते. ती नासपतीच्या आकाराची होते आणि चिकट पुंजक्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. माती उबदार व ओलसर असेल तर हे चक्र साधारण पंचवीस ते तीस दिवसांत पुरे होते. भंडाऱ्यात जून ते ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारीनंतर ओलिताच्या रानात अशीच स्थिती असते. म्हणजे चार महिन्यांच्या पिकात तीन-चार पिढ्या सहज निघतात.

भाजीपाल्यात आढळणाऱ्या प्रजातींपैकी मेलॉयडोगायनी इनकॉग्निटा आणि मेलॉयडोगायनी जॅव्हानिका या दोन सर्वांत त्रासदायक आहेत. त्यांना आसरा देणारी तणे शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीची आहेत. कामोनी आणि रानपोपटी ही वांगे-टोमॅटोच्याच कुळातली, त्यामुळे सर्वांत धोक्याची. त्यांच्या मुळांवर मोठ्या, स्पष्ट गाठी येतात. काटेमाठ व साधा माठ, घोळ, केना, माका, दुधी, ओसाडी आणि चाकवत हीही यजमान तणे आहेत. कामोनी पिकलेल्या फळांसाठी व औषधी म्हणून मुद्दाम ठेवली जाते. घोळ आणि माठ भाजीसाठी राखतात. ही तणे ठेवायचीच असतील तर ती वांग्याच्या ओळीत किंवा रोपवाटिकेच्या कडेला असू नयेत.

धानावर येणारा गाठी सूत्रकृमी वेगळा आहे, त्याचे नाव मेलॉयडोगायनी ग्रॅमिनिकोला. १९६५ मध्ये गोल्डन आणि बर्चफिल्ड यांनी अमेरिकेतील लुईझियानात त्याचे प्रथम वर्णन केले, ते धानावरून नव्हे, तर सावा जातीच्या गवताच्या मुळांवरून. धानाचा हा शत्रू शास्त्राला आधी तणावर सापडला, हे बांधीत रानसावा वाढू देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखे आहे. रानसावा, लव्हाळा आणि धुऱ्यावरची हरळी ही त्याची नेहमीची घरे. धानाच्या मुळाचे टोक आकड्यासारखे वाकून फुगते, ही त्याची खूण. या प्रजातीची अंडी मुळाच्या आतच राहतात, म्हणून पाणी साचले तरी आधीच आत शिरलेला सूत्रकृमी मरत नाही. साचलेल्या पाण्यात नवे पिल्लू मात्र मुळात सहज शिरू शकत नाही. त्यामुळे चिखलणी करून रोवणी केलेल्या बांधीपेक्षा कोरड्यावर टाकलेले पऱ्हे आणि आवत्याचा धान यांना धोका जास्त असतो.

लव्हाळा, म्हणजे विदर्भातला मोथा, याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. त्याच्या मुळांवर गाठी लहान असतात किंवा अजिबात दिसत नाहीत, म्हणून तो निर्दोष समजला जातो. पण अमेरिकेतील न्यू मेक्सिको या मिरचीच्या प्रांतात झालेल्या अभ्यासांत असे आढळले की सूत्रकृमी लव्हाळ्याच्या जमिनीखालच्या गाठोळ्यांतही तग धरतो, आणि तिथे औषधाचा परिणाम त्याच्यापर्यंत पुरता पोहोचत नाही. गाठोळे फुटले की कोंब आणि सूत्रकृमी एकदमच जागे होतात. मिरचीच्या रानात दरवर्षी औषध टाकूनही त्याच जागी रोपे पिवळी पडत असतील तर आधी तिथला मोथा खणून पाहावा. वरवर खुरपल्याने तो वाढतो. उन्हाळ्यात दोनदा खोल नांगरून वर आलेली गाठोळी वेचणे आणि उन्हात वाळवणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

निंदण कधी होते यावर सगळे अवलंबून असते. सूत्रकृमी एकदा मुळात स्थिरावला की तिथून हलू शकत नाही. तण उगवल्यापासून पंधरा-वीस दिवसांत मुळासकट उपटले तर आत शिरलेली पिल्ले अंडी घालण्याआधीच त्याच्याबरोबर बाहेर येतात आणि मरतात. अशा वेळी तणच सापळ्याचे काम करते. तेच तण सव्वा महिन्याने काढले तर अंड्यांचे पुंजके मातीत सांडून जातात आणि निंदणाची मजुरी गेली तरी सूत्रकृमी वाढलेला राहतो. इटलीच्या पिडमाँट भागात २०१६ मध्ये धानावरचा सूत्रकृमी आढळल्यावर याच तत्त्वाचा वापर झाला. तिथे धानच सापळा म्हणून पेरून चक्र पुरे होण्याआधी नष्ट केला गेला. भंडाऱ्यात रोवणीच्या धांदलीत बाडीचे पहिले निंदण मागे पडते, आणि नुकसान नेमके तिथेच होते. उपटलेले तण धुऱ्यावर ओल्या मातीत टाकू नये. मुळे उघडी करून कडक उन्हात वाळवावीत. तणनाशकाने पाने करपली तरी मुळे लगेच मरत नाहीत, म्हणून फवारणीही तण कोवळे असतानाच करावी.

धुरे हा दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. धानाची बांधी तीन महिने पाण्याखाली राहिल्याने भाजीपाल्यावरचा सूत्रकृमी बराच घटतो. म्हणून धानानंतर लावलेले वांगे वांग्यानंतर लावलेल्या वांग्यापेक्षा निरोगी वाढते. पण धुऱ्यावर पाणी साचत नाही. तिथली तणे वर्षभर सूत्रकृमी सांभाळतात, आणि धुरा छाटून माती बांधीत ओढली की तो पुन्हा आत येतो. स्वतःच्या बळावर सूत्रकृमी वर्षभरात काही फुटांपलीकडे जात नाही. त्याला दूर नेतात ते वखर, ट्रॅक्टरची चाके, एका बांधीतून दुसरीत उतरणारे पाणी आणि विकत आणलेली रोपे. बाधित तुकड्याची मशागत सर्वांत शेवटी करावी आणि अवजारे धुऊन बाहेर काढावीत.

रोहिणी लागण्याआधी रोपवाटिकेची जागा तयार व्हायला हवी. वाफा ओलावून त्यावर पंचवीस मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरावा. भंडाऱ्याच्या मे महिन्यातल्या उन्हात कागदाखाली तणांचे बी आणि सूत्रकृमी दोन्ही मोठ्या प्रमाणात मरतात. त्यानंतर चौरस मीटरला दोनशे ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळावी. ट्रायकोडर्मा किंवा परप्युरिओसिलियम लिलासिनम ही बुरशी चांगल्या कुजलेल्या शेणखतात वाढवून दिल्यास पेंडीला जोड मिळते. रोप उपटताना मुळे पाहावीत आणि एकही गाठ दिसली तर तो वाफा लागवडीला वापरू नये. टोमॅटोत हिसार ललितसारखे प्रतिकारक वाण आहेत, पण मातीचे तापमान अठ्ठावीस अंशांच्या वर गेले की त्यांच्यातील प्रतिकार ढिला पडतो. भंडाऱ्याच्या उन्हाळी लागवडीत त्यांच्यावर विसंबून चालत नाही.

फेरपालटासाठी झेंडू, तीळ, मोहरी आणि हिरवळीचा बोरू उपयोगी आहेत. पण झेंडूच्या ओळीत माठ आणि कामोनी वाढत राहिली तर फेरपालट कागदावरच उरते. त्या हंगामात निंदण मुख्य पिकाइतकेच काटेकोर हवे.

गाठी ओळखताना कडधान्यात चूक होते. हरभरा-मुगाच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मुळाचाच फुगलेला भाग, ती मूळ तोडल्याशिवाय निघत नाही. तण उपटताना मुळे पाण्यात हलकेच धुऊन अशीच तपासावीत. शंका असल्यास शेतातली माती कुंडीत भरून त्यात काकडी किंवा टोमॅटो लावावा आणि पाच-सहा आठवड्यांनी मुळे पाहावीत. प्रयोगशाळेसाठी नमुना घेताना पिवळ्या पडलेल्या रोपांच्या आणि तणांच्या मुळांजवळून पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवरची माती चार-पाच ठिकाणांहून घ्यावी, मिसळून पाव किलो माती व थोडी मुळे पिशवीत बंद करावीत. ती उन्हात ठेवू नये आणि वाळवूही नये, कारण मेलेला सूत्रकृमी तपासणीत हाती लागत नाही. हा नमुना कुठे पाठवायचा याची माहिती साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मिळते. नमुना उभ्या पिकातून, काढणीच्या थोडे आधी घ्यावा, कारण तेव्हा मातीत सूत्रकृमीची संख्या सर्वाधिक असते.