कंबरेसाठी हवा स्नायूंचा मेळ

कंबरदुखीचे बरेच रुग्ण मला म्हणतात, ‘‘डॉक्टर, पोटाचे व्यायाम रोज करतो, तरी कंबर धरतेच.’’ नुसत्या ताकदीने भागत नाही. स्नायूंनी वेळेवर आणि एकत्र काम करावे लागते.

पोटात खोलवर पट्ट्यासारखा आडवा स्नायू असतो. निरोगी माणूस हात उचलतो, त्याच्या क्षणभर आधीच हा स्नायू आवळतो. कंबरदुखीच्या रुग्णांत त्याला उशीर होतो, असे ऑस्ट्रेलियातील हॉजेस व रिचर्डसन यांना १९९६ मध्ये आढळले.

हा मेळ बसवण्यासाठी मी एक सोपा व्यायाम शिकवतो. सतरंजीवर तळहात व गुडघे टेकून ओणवे व्हा. पोट हलकेच आवळा, श्वास मात्र चालू ठेवा. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. पाठीवर पाण्याने भरलेला तांब्या आहे, असे समजून पाच ते दहा सेकंद स्थिर राहा. मग बाजू बदला. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा पुरे. जोडीला रोज चालावे.

दुखणे वाढल्यास थांबा. पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम करीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.