गुरूची ओळख शिष्येवरून : सावित्रीबाई आणि मुक्ता



आषाढीची वाट धरून माउलींची पालखी पुण्याहून निघते. हडपसर मागे पडतं, दिवेघाट लागतो. घाट चढला की सासवड. पुढे जेजुरी, वाल्हे, मग नीरेचं स्नान आणि लोणंद. ही वाट आपल्या पायांना पाठ आहे. पाणी कुठे, सावली कुठे, मुक्काम कुठे, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. पण याच वाटेच्या आजूबाजूला एका बाईचा सारा जन्म गेला, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानी असतं? लोणंद ज्या खंडाळा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातलं नायगाव हे तिचं माहेर. पुण्यात तिनं शाळा चालवल्या. सासवडला १८९३ साली ती सत्यशोधक समाजाच्या परिषदेची अध्यक्ष झाली. आणि हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता तिनं आपला देह वेचला.

ती बाई म्हणजे सावित्रीबाई जोतीराव फुले. त्या माळकरी म्हणून ओळखल्या गेल्या नाहीत. त्यांचा मार्ग सत्यशोधकांचा. मूर्तिपूजा आणि भटभिक्षुकी यांविषयी त्या मार्गानं फार कठोर बोल ऐकवले आहेत. हे आम्ही झाकून ठेवत नाही. तरी आजचा पाठ त्यांच्यावरच आहे. कारण गुरू कसा ओळखावा, हे त्यांच्या चरित्रावरून फार चांगलं शिकता येतं.

शिकली, मग शिकवू लागली

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. वडील खंडोजी नेवसे हे नायगावचे पाटील. १८४० साली, म्हणजे नऊ वर्षांच्या वयात, त्यांचं लग्न पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी झालं. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे. त्या काळी मुलीनं पाटी हातात धरली तर घरावर अरिष्ट येतं, अशी लोकांची समजूत. अक्षरओळख झाली ती सासरी आल्यावर. नवराच मास्तर झाला. पुढे सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या स्नेह्यांनीही त्यांना शिकवलं.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. शिकवायला बाई हवी. बाहेरून कुठून आणणार? मग सतरा वर्षांच्या सावित्रीबाईच शिकवायला उभ्या राहिल्या. ज्या हातांनी नुकती मुळाक्षरं गिरवली होती, तेच हात आता दुसऱ्यांच्या पाटीवर अक्षरं काढून देऊ लागले.

गावाला हे रुचलं नाही. शाळेत जाता-येता लोक अंगावर शेण टाकीत, चिखल फेकीत, खडे मारीत. म्हणून सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं घेऊन जात. शाळेत गेल्यावर मळलेलं बदलायचं, घरी परतताना तेच मळकं पुन्हा नेसायचं. भाऊबंद आणि शेजारीपाजारी जोतीरावांच्या वडिलांच्या कानाशी लागले. अखेर १८४९ साली नवराबायकोला घर सोडावं लागलं. शाळा मात्र सोडली नाही.

१८५१ साली मुलींची आणखी शाळा निघाली. १८५२ साली महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा सुरू झाली. त्याच साली १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात सरकारनं जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. शेण मारणारं गाव तेच, आणि शालजोडी मिळाली तीही त्याच गावात. १८५४ साली सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह छापून निघाला.

इथवरची कथा पुष्कळांना ठाऊक असते. आता पुढचं ऐका.

चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

या शाळांत मुक्ता नावाची एक मुलगी शिकत होती. मांग जातीची, आज आपण मातंग समाज म्हणतो त्यातली. १८५५ साली तिनं एक निबंध लिहिला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध 'ज्ञानोदय' या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात फेब्रुवारी-मार्चच्या दोन अंकांतून छापला गेला. मुलीचं वय अवघं चौदा.

त्या निबंधात काय आहे? तिचे शब्द इथे उतरवून घेत नाही, भावार्थ सांगतो. ती म्हणते, वेद ही आमचीच मिरास, असं एक वर्ग म्हणतो आणि आम्हांला ते पाहूही देत नाही. मग आमचं धर्मपुस्तक कोणतं? ती माणसांना विचारून थांबत नाही, देवालाच विचारते : तुझ्याकडून आलेला आमचा धर्म कोणता, तो आम्हांला कळू दे.

मग ती आपल्या माणसांचे हाल सांगते. मोठमोठ्या इमारतींच्या पायात तिच्या जातीची माणसं पुरली जात, असं ती लिहिते. पेशवाईत तालीमखान्यावरून जाण्याचीही चोरी होती, गेल्यास मस्तक जाई, असं सांगते. तिच्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्यांचे कसे हाल होतात, तेही सांगते. हे सारं पुस्तकात वाचून लिहिलेलं नाही. घरादारात, वस्तीत ऐकलेलं आणि पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट फार मोलाची. ती केवळ वरच्यांना दोष देऊन मोकळी होत नाही. महारांनीही मांगांना हलकं मानावं, याचंही तिला दुःख आहे. ज्यांना भेदाचे चटके बसले, त्यांनीच खालच्याला तेच चटके द्यावे, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. शेवटी ती आपल्या लोकांना सांगते : आपण रोगी आहोत, ज्ञान हेच औषध, तेव्हा शिका.

आता गुरूची ओळख पाहा. पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवणारी शिष्या कोणीही तयार करील. पण मुक्तेनं काही पाठ म्हणून दाखवला नाही. गुरूंनी दिलेली अक्षरं घेतली आणि त्या अक्षरांनी स्वतःचा प्रश्न लिहिला. तोही थेट देवाला! सावित्रीबाईंना आणि जोतीरावांना अंगावर झेललेल्या शेणाचं मोल इथे मिळालं, असं आम्हांला वाटतं.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आला होता

वारकरी बंधुभगिनींनो, मुक्तेचा हा प्रश्न पुण्याच्या पेठांपुरता होता असं समजून आपल्याला सुटता येणार नाही.

इमारतीच्या पायात गाडली जाणारी माणसं, असं ती लिहिते, तेव्हा आपल्याला मंगळवेढं आठवायला हवं. तिथे वेशीच्या भिंतीच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा गाडले गेले. त्यांच्या अस्थी नामदेवरायांनी पंढरीला आणल्या. समाधी बांधली ती महाद्वारासमोर, पायरीपाशी. आपण मोठ्या भक्तीनं त्या समाधीला हात लावतो आणि आत जातो. पण कित्येक शतकं चोखोबांच्या जातीच्या वारकऱ्याला तिथूनच परतावं लागलं. टाळ तोच, माळ तीच, चाललेली वाट तीच. आणि दर्शन मात्र कळसाचं.

मुक्तेनं १८५५ साली प्रश्न विचारला. पंढरीच्या देवळाचं दार हरिजनांसाठी उघडलं ते १९४७ साली. मधे ब्याण्णव वर्षं गेली. आणि तेही सहजासहजी उघडलं नाही. साने गुरुजींना त्यासाठी तनपुरे महाराजांच्या मठात १ मे पासून १० मे पर्यंत उपोषणाला बसावं लागलं. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडत होतो, आणि दारात मात्र जात विचारली जात होती. गुरुजींना विरोध करणाऱ्यांत आपल्यातलेही काही होते आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांतही आपलेच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली विसरून दुसरीच सांगू लागलो तर तो खोटेपणा होईल.

हे आम्ही कोणाला लाजवायला लिहीत नाही. लाजायचंच तर आधी आम्ही लाजायचं. कारण संतांची नावं घेऊन लिहिण्याचं काम आमच्याकडे आहे. पण एका पोरीनं लिहिलेला प्रश्न ब्याण्णव वर्षं आपल्याला ऐकूच येऊ नये, असं का झालं, याचा विचार केल्यावाचून हा पाठ पुरा होत नाही.

अखेरचं काम

सावित्रीबाईंचं काम शाळेपाशी थांबलं नाही. फसवल्या गेलेल्या विधवांनी पोटच्या पोराचा जीव घेऊ नये म्हणून १८६३ साली फुले दांपत्यानं बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलं. तिथल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७७ च्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागात राहून भुकेल्यांना मदत करत होत्या. ओतूर म्हणजे बाबाजी चैतन्यांच्या समाधीचं गाव. आपल्याला ते त्या नात्यानं ठाऊक आहे, आता या नात्यानंही ठाऊक असू द्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेपुढे टिटवं धरायचा मान कोणाचा, यावरून भाऊबंदांत कुरबूर सुरू झाली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती घेतलं आणि त्या पुढे चालू लागल्या. स्मशानाची वाट बायकांना बंद असण्याचा तो काळ.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. लोक घरं टाकून रानात पळाले. यशवंत डॉक्टर झाला होता. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर मायलेकांनी रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात एक पोर प्लेगनं पडलं आहे असं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई तिथे गेल्या. त्या पोराला पाठीशी बांधून त्यांनी दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

ज्या वस्तीतल्या पोरांच्या हाती त्यांनी पाटी दिली, तशाच वस्तीतलं पोर पाठीवर घेऊन त्यांचं शेवटचं चालणं झालं. मुक्तेच्या प्रश्नाला ग्रंथातून उत्तर देणारे देवोत. सावित्रीबाईंनी ते असं दिलं.

पाठ कसा आचरावा

पाठ वाचून अंक फडताळात ठेवला तर उपयोग नाही. म्हणून थोडं आचरणाचं.

पहिलं. येत्या वारीत हडपसर ओलांडताना दिंडीतल्या मुलामुलींना दोन शब्दांत ही हकीकत सांगा. लोणंदच्या मुक्कामी नायगावचं नाव घ्या. वाटेची माहिती सांगतोच आपण, त्यात एवढी भर.

दुसरं. घरची लेक, सून, नात पोथी वाचताना मधेच थांबून "असं का?" म्हणून विचारील, तेव्हा तिला गप्प बसवू नका. उत्तर येत नसेल तर "येत नाही बाई, आपण दोघं मिळून शोधू" असं सरळ म्हणा. त्यानं मोठेपणा कमी होत नाही.

तिसरं. पंक्तीला, पाणवठ्यावर, राहुटीत आपण कोणाला नकळत दूर बसवतो का, हे प्रत्येक विणेकऱ्यानं आणि चोपदारानं पाहावं. कायद्यानं देवळाचं दार उघडलं. राहुटीचा पडदा आपल्यालाच उचलायचा आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं का नेत? आपल्या नेमात असं कोणतं काम आहे, की ज्यासाठी आपण एवढं सोसू?

२. मुक्तेनं आपला प्रश्न देवाला विचारला. माणसांनी तो का ऐकला नाही?

३. १८५५ आणि १९४७ या दोन सालांच्या मधे आपल्या गावच्या भजनात कोण कोण बसत होतं आणि कोण बाहेर उभं राहत होतं? जाणत्यांना विचारून लिहून काढा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात थोडा अडखळेल. अडखळला तरी लिहा.

रामकृष्णहरि.