बंदूक आणि एकवीस वर्षे

गेल्या पावसाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत आम्हांस भेटावयास आला. खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेस त्याचे गाव. वडील पूर्वीच निवर्तलेले. शेती आजोबांनी सांभाळली, आणि पीकरक्षणाच्या परवान्यावर एक ठासणीची बंदूकही बाळगली. रानडुकरांचा कळप भातात शिरला म्हणजे ते बांधावरून हवेत एक बार काढीत. आजोबा वारले आणि बंदूक घरात तशीच राहिली. मुलाचे वय १९. "सर, मी मत देऊन आलो. मग आजोबांची बंदूक माझ्या नावे का होत नाही?" असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यापूर्वी आम्हांसही कायद्याची पाने उलटावी लागली.

हिंदुस्थानातील शस्त्रांचा प्रसिद्ध कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतला. या देशातील माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगता येऊ नये, आणि गोऱ्या माणसाला मात्र नियमांतून सूट मिळावी, अशी त्याची तऱ्हा होती. हा अपमान लोकांच्या मनात इतका खोल रुतला होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला. पुढे स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. परवाना राहिला, परंतु गोरा-काळा हा भेद गेला.

या नव्या कायद्याच्या नवव्या कलमात वयाची अट आहे. आज ती एकवीस वर्षांची आहे. पण मुळात ती सोळा वर्षांची होती, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. म्हणजे दहावीच्या वर्गातील मुलाच्या वयाचा तरुण त्या काळी परवान्यासाठी अर्ज करू शकत असे. १९८३ च्या दुरुस्तीने सोळाचे एकवीस झाले. उलट मतदानाचे वय राज्यघटनेत प्रथम एकवीस होते. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ते १९८९ पासून अठरावर आले. सहा वर्षांच्या आत एक वय वर चढले आणि दुसरे खाली उतरले!

यात विसंगती आहे काय? आम्हांस तशी वाटत नाही. एकाचे मत कोट्यवधी मतांत मिसळते, आणि चुकले तर पुढच्या निवडणुकीत ते फिरविता येते. बंदुकीचा चाप ओढणारा एकटाच असतो आणि सुटलेली गोळी परत बोलाविता येत नाही. तरुणाच्या अंगी बुद्धी कमी असते असे कायदा म्हणत नाही. रागाच्या पहिल्या घटकेत हाताशी काय असावे, एवढाच त्याचा विचार दिसतो.

यावर आमच्या विद्यार्थ्याने लगेच विचारले, "मग सैन्यातला अठरा वर्षांचा जवान?" त्याचेही उत्तर कायद्यातच आहे. पंचेचाळिसाव्या कलमाने कर्तव्यावर असलेल्या सरकारी सेवकांना या कायद्यातून वगळले आहे, आणि त्याच कलमात राष्ट्रीय छात्रसेनेचाही उल्लेख आहे. आपल्या शाळेचे छात्र शिबिरात रायफल चालवितात ती याच आधारावर. तेथे रायफल कोणाच्या मालकीची नसते. सराव संपला की ती मोजून शस्त्रागारात परत जाते. नेमबाजी शिकणाऱ्यांसाठी नवव्या कलमातच वेगळी वाट ठेवली आहे. नियमांप्रमाणे वयाच्या बाराव्या वर्षापासून जाणत्यांच्या देखरेखीखाली सराव करता येतो. हरियाणाचा अनीश भानवाला २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकला, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. ही वाट नसती तर ते पदकही नसते.

विक्रेत्यासही कायद्याने मोकळे सोडलेले नाही. घेणारा एकवीस वर्षांखालील आहे हे ठाऊक असता, किंवा तसे मानण्यास कारण असता, त्याला बंदूक विकणे वा देणे हा विकणाऱ्याचा, देणाऱ्याचा गुन्हा आहे. "पोराने मागितली, दिली" ही सबब चालत नाही. मग देणारा दुकानदार असो की सख्खा काका.

आता घरात राहिलेल्या त्या बंदुकीविषयी. परवानाधारक वारला की बंदूक घरात ठेवणे बेकायदा ठरते. एकविसाव्या कलमाप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा नियमांप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारस कायद्याने पात्र झाला की ती परत मागता येते; मात्र तिला ठरावीक मुदत असते. ही गोष्ट त्या घरात कोणासच माहीत नव्हती. तीन महिने ती बंदूक तेथेच होती, हे ऐकून आम्ही त्यास त्याच दिवशी ठाण्यावर जावयास सांगितले.

निघताना तो म्हणाला, "सर, दोन वर्षे डुकरे थांबतील का?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग सहज विचारले, "घरात एकवीस वर्षांवरील वारस कोणीच नाही?" तो म्हणाला, "कोणी नाही. मी आणि आई." वाक्य पुरे होताच तो स्वतःच थबकला. कायद्यात पुरुष असा शब्द कोठेही नाही. अर्ज आईस करता येतो. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण तेवढे तिला घ्यावे लागेल.

दिवाळीनंतर त्याचा निरोप आला. बंदूक ठाण्यात जमा आहे, पावती आईच्या पेटीत आहे, आणि अर्जावर अंगठा नव्हे, तिची सही आहे.